बोर्डिंगच्या जुन्या वह्या उघडाव्यात की नाही?

अंत्रुजकर
गोव्यात आमच्या गावाशेजारचं सिस्टरांचं जुनं बोर्डिंग बंद पडून बरीच वर्षं झाली, आता तिथे होमस्टे होतोय. परवा सामान बाहेर काढलं त्यात रजिस्टरांचा एक पेटारा निघाला, वाळवी लागलेला. मुलाचं नाव, कोणी आणून दिलं, बाप्तिस्मा कधी, बाहेर कधी पडलं, सगळं पोर्तुगीजमध्ये. माझं म्हणणं एवढंच की ह्या वह्या पुराभिलेखात जाव्यात आणि ज्यांची नावं आहेत त्यांना किंवा त्यांच्या मुलांना बघायला मिळाव्यात. चर्चला शिव्या घालायला धागा काढला नाही, आणि आरती ओवाळायलाही नाही.

कुठ्ठाळकर
शिव्या का नको? 1559 चा पोर्तुगीज राजाचा हुकूम वाचलाय का, आईबाप आजाआजी कोणी नसलेलं हिंदू मूल उचलून जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात द्यायचं आणि बाप्तिस्मा करायचा. पुढे तर आई जिवंत असली तरी बाप मेला म्हणजे पोर अनाथच धरायला लागले. आमच्या घरात अजून सांगतात, कर्ता पुरुष गेला की बायका पदर तोंडात धरून रडायच्या आणि पोराला आधी होडीत घालून पलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, पाठवायचे, कारण तिथे आदिलशाही होती. मंगेश देव आमच्या कुठ्ठाळीहून तिकडे प्रियोळला गेला हे शाळेतलं पोरही सांगेल. देव हलवले ते सगळ्यांना माहीत, पोरं हलवली त्यावर कोण बोलतो?

बार्देसची सून
400 वर्षांपूर्वीचं आणून 1965 च्या बोर्डिंगात कशाला कोंबता? माझी मावशी तिथे वाढली, हिंदू घरातली. आजोबा खाणीवर गेले, आजीकडे चार पोरं, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी कांडप करून काय पोटं भरणार. मावशीच्या टॉवेलवर लाल दोऱ्याने 41 नंबर शिवलेला होता, तो टॉवेल अजून तिच्या ट्रंकेत आहे. सकाळी पेज, रात्री पेज, रविवारी बांगडा. मॅट्रिक झाली, नर्स झाली, दोन्ही भावांना तिनेच शिकवलं. तेव्हा आपल्या कुठल्या महाजनांनी मुलींचं वसतिगृह काढलं होतं ते सांगा. हां, संध्याकाळी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, गुडघ्यावर बसावं लागायचं, आणि आजीचं पत्र आधी मादर, म्हणजे मुख्य सिस्टर, फोडून वाचायची, तेही मावशीच सांगते. त्याचा राग तिला अजून आहे, उगाच लपवत नाही.

कुठ्ठाळकर
फुल्यांनी 1863 ला बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, पंढरपूरचा बालकाश्रम 1875 चा. आपल्यात कोणी केलंच नाही असं नाही.

बार्देसची सून
पुण्यात आणि पंढरपुरात. माझ्या आजीने बेळगावपर्यंत चालत जायचं होतं का?

जुनेंगोंय
थोडं विषयांतर. लिस्बनहून राजाच्या आश्रयातल्या अनाथ मुलीसुद्धा जहाजात घालून इथे पाठवायचे, त्यांना ठेवायला जुन्या गोव्यात नोस्सा सेन्योरा द सेर्राचं आश्रयगृह होतं. हुंडा म्हणून नवऱ्याला सरकारी नोकरी! म्हणजे पोर हिंदू असो की गोरी, वर बसलेल्यांना ती कुठेतरी खपवायचीच असायची. 1559 आणि 1965 वेगळे आहेत हे पटतं, पण पोराला विचारायचं नाही ही सवय मात्र तीच राहिली.

पेन्सिलवाली
मी अनाथालयात काम केलंय म्हणून विरोधात लिहिते. अशा वह्यांत आईबापाच्या रकान्यात 'पाइश इंकॉग्नितुश', म्हणजे आईबाप अज्ञात, असं शाईने लिहिलेलं असतं आणि बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात आईचं नाव, कारण सिस्टरला माहीत असायचं. ती बाई कदाचित आज त्याच वाड्यावर आजी म्हणून बसलीय, नातवंडं आहेत, घरात कोणाला पत्ता नाही. आपल्याकडे गावात काय लपतं? दत्तक नियमांत मुलाला मूळ शोधायची सोय आहे, पण जन्मदात्या आईची गुप्तता राखून. मग तुम्ही वही सरळ टेबलावर कशी ठेवणार?

अंत्रुजकर
हे माझ्या डोक्यात नव्हतं, खरंच. पण कुलूप लावून ठेवणं हाही उपाय नाही ना? कॅनडात चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत दीड लाख मुलं गेली, आणि चौकशी आयोगाला सरकारकडून कागद मिळवायला कोर्टात जावं लागलं. तिथे निदान कागद होते. इथे होमस्टेवाला भंगारात घालत होता.

कुठ्ठाळकर
पेन्सिलीचं नाव झाकून बाकीचं द्या. निदान कुठल्या गावचं पोर ते तरी कळू दे माणसाला.

पेन्सिलवाली
लहान गावात गाव कळलं की आई कळली.

अंत्रुजकर
पेटारा सध्या माझ्या पडवीत आहे. वाळवीला काय मारू? शेजारी म्हणतो रॉकेल.

पेन्सिलवाली
रॉकेल नको रे बाबा! मऊ ब्रशने हलकं झाड, पावसाच्या ओलीपासून उंचावर ठेव, कडक उन्हात नको. आणि कृपा करून पानांचे फोटो इथे टाकू नकोस.