सूर चांगला असला की पोचतोच म्हणे!

कॅसेटवाला: काल इथे एकाने लिहिलं, आवाजात दम असेल तर जात, बाई-पुरुष, पैसा काही आडवं येत नाही, गायिका केसरबाई केरकर बघा. डोकंच उठलं. केसरबाईंचा आवाज 1977 ला व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, मान्य, पण 1946 च्या सुमारास "बदनाम" म्हणून गाणाऱ्या बायकांना रेडिओचं दार बंद केलं त्यात किती गळे गेले ते कोण मोजणार? तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून पदक मिळालं आणि 2002 ला गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या देणगीतून भरलं. आमचं एसटी स्टँडसमोर कॅसेटचं दुकान होतं. प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी दर्शनी काचेत, आणि त्याच माणसाची भीमगीतं, म्हणजे बाबासाहेबांवरची गाणी, गल्ल्याखाली खोक्यात. गिऱ्हाईक हळूच मागायचं. 14 एप्रिलच्या आधी सगळ्यात जास्त खप त्या खोक्याचाच!

तोडीप्रेमी: झालं, आली जात. शाहीर पठ्ठे बापूराव कुलकर्णीच होते ना? तमाशातल्या पवळाबाईंसाठी घरदार, गाव सगळं सोडलं, शेवट हलाखीत. आणि भीमगीतं ऐकू येत नाहीत कसं? एप्रिलात जयंतीच्या डीजेने आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात.

निळी शाई: आणि गणपतीत दहा दिवस थरथरतात ती परंपरा का?

तोडीप्रेमी: ओ, गणपतीच्या डीजेलाही शिव्याच घालतो मी! मागच्या वर्षी मंडळात सांगायला गेलो तर म्हणे काका, वर्गणी किती दिलीत?

निळी शाई: मग एप्रिलच बरा आठवला!

बेंजो मास्तर: भांडा तुम्ही. डीजेने आमचं पोट मारलं ते बोला की कुणीतरी. बारा पोरं होतो, बेंजो, ढोलकी, ताशा, झांज, एका वरातीत बारा घरं चालायची, आता एक ट्रॅक्टर आन एक लॅपटॉप. जयंती असो नाहीतर गणपती, आम्हाला कोण बोलवत नाही. मी सध्या रिक्षा चालवतो.

कॅसेटवाला: मास्तर, धागा संगीत कुणाचं पोचतं यावर आहे.

बेंजो मास्तर: मग मी काय भाजीबद्दल बोलतोय?

बारीवरची: डेसिबल मोजून झाले असतील तर बोलू? पवळाबाईचं नाव एकदाच आलं, तेही बापूरावांच्या शेपटीला. त्यांनी गाव सोडलं तो त्याग, हिचं घर जातीमुळे आधीच गावाबाहेर होतं, त्याला काय म्हणता? माझी आजी तमाशाच्या फडात होती. लग्नाच्या बोलणीत "भजनं म्हणायची" असं सांगितलं होतं आम्ही.

तोडीप्रेमी: बरं बाई, पवळाबाईंचं मान्य. खूश? डीजेचं नाही.

निळी शाई: कुठल्या डीजेचं ते पण सांगा.