मदत हवी आहे: ‘जगाचा प्रकाश’ हा पाठ अंध मुलीसमोर कसा घ्यावा?

आगमनकाळात (नाताळाआधीचे चार आठवडे) चर्चच्या संडे स्कूलच्या 11 ते 14 वयाच्या वर्गाला बायबलमधलं योहान 8:12, म्हणजे येशूचं ‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे वचन शिकवायचंय. दरवर्षीची पद्धत ठरलेली, दिवे घालवायचे आणि एक मेणबत्ती पेटवायची. यंदा वर्गात जन्मतः अंध मुलगी आहे. मेणबत्तीची धग आणि मेणाचा वास तिला कळतो, उजेड नाही. त्यात ‘अंधार म्हणजे पाप’ म्हटलं तर तिने काय समजायचं?

योहान 9 बघितला. त्यातल्या जन्मांध माणसाचं आंधळेपण हे त्याच्या किंवा आईबापांच्या पापामुळे नाही, असं येशू स्पष्ट सांगतो, ते छानच. पण शेवटी त्या माणसाला दृष्टी येते, मग ‘मला का नाही?’ हे आलंच. निर्गम 20:21 मात्र मनात बसलंय. लोक लांब उभे राहतात आणि त्यांचा नेता मोशे दाट अंधाराजवळ जातो, जिथे देव आहे. स्तोत्र 139:12 मध्येही देवाला अंधार-उजेड सारखेच.

पालकांशी बोलणं झालंय. तिला वेगळं काढू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. योहान 8:12 बदलता येणार नाही, वेळ अर्धा तास.

मुलांचा गोंधळ न होता निर्गमातला अंधार आणि योहानातला प्रकाश एकाच पाठात कसे बसवाल? आणि अंध मुलांना शिकवणाऱ्यांनी सांगा, मेणबत्ती ठेवू की काढू?