उद्या इन्स्टा-व्हॉट्सॲपवर पण बंदी आली तर? परदेशी ॲप सरकारनं बंद करणं तुम्हाला पटतं का

शेंगाचटणी_सोलापूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण मनापासून विचारतेय. मी जुळे सोलापूरला राहते, घरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते, चार वर्षं झाली. दुकान नाही की बोर्ड नाही, सगळं गिऱ्हाईक इन्स्टा आणि व्हॉट्सॲपवरचं, पुणे ठाणे बंगळुरू कुठून कुठून ऑर्डर येतात. पहाटे सासूबाई आणि मी उखळात कुटतो, दुपारी पॅकिंग आणि कुरिअर, रात्री जेवणं झाली की रील टाकायची, असा दिवस असतो.

आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावलं तेव्हा तिकडं जाणारा माल थांबला, पाळ्या कमी झाल्या, दोन महिने घर माझ्या चटणीवर चाललं असं म्हटलं तरी चालेल. आणि नेमकं तेव्हाच आमच्या भावकीच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले, अमेरिकन ॲप काढून टाका, सरकारनं त्यांच्यावर बंदी घालावी, स्वदेशी वापरा. दीर म्हणाले वहिनी, 2020 ला चिनी ॲप बंद केलीच की, तेव्हा कुणाचं काय बिघडलं, मग आता ह्यांची का नको.

मला उत्तर देता आलं नाही. देशापेक्षा माझी चटणी मोठी नाही हे मलापण कळतं. पण सुरक्षेचा धोका म्हणजे नक्की काय असतो, तो बंदी घातल्यानं जातो का, आणि बंदी घालायची तर आमच्यासारख्यांना आधी सांगतात तरी का? ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा. राजकारण नको प्लीज.

माजी_सैनिक_मोहोळ

ताई, प्रश्न चांगला विचारलात. मी सतरा वर्षं फौजेत होतो म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बंदी पाहिजे, आणि 2020 ची बंदी योग्यच होती. 15 जूनला गलवानमध्ये आपले 20 जवान गेले आणि 29 जूनला 59 ॲप बंद झाली. लोकांना वाटतं तो नुसता राग होता. राग होताच, असायलाच पाहिजे होता, पण त्याच्या पाठीमागं कारणपण होतं. चीनमध्ये 2017 चा गुप्तवार्ता कायदा आहे, त्यात लिहिलंय की तिथल्या प्रत्येक संस्थेनं आणि नागरिकानं सरकारच्या गुप्तचर कामाला मदत करायची. म्हणजे कंपनीचा मालक कितीही सज्जन असू दे, दारात माणूस आला तर त्याला नाही म्हणता येत नाही. आणि टिकटॉकचे आपल्याकडं 20 कोटींच्या आसपास लोक होते, त्यातल्या प्रत्येकाचा फोन कुठं आहे, कुणाशी बोलतो, काय बघतो.

धोका म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगतो. 2017 च्या शेवटी स्ट्रावा नावाच्या पळायच्या ॲपनं जगाचा नकाशा टाकला, लोक कुठं कुठं पळतात त्याचा. वाळवंटात जिथं काहीच नाही तिथं नकाशावर उजेडाच्या रेघा दिसल्या, कारण सैनिक छावणीत घड्याळ घालून रोज पळत होते. कुणी हेरगिरी केली नाही, कुणी चोरी केली नाही, तरी छावण्या उघड्या पडल्या. पोराचा डान्सचा व्हिडिओ म्हणजे काय मोठं असं म्हणणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

पूर्वभाग_70फूट

फौजी काका, तुमचा मान राखून लिहिते. चटणीवाल्या ताईंचे दीर म्हणतात कुणाचं काय बिघडलं, तर बिघडलं, आमच्या घरात बिघडलं ते सांगते.

माझी थोरली जाऊ विड्या वळते, आमच्या पूर्व भागात घरोघरी बायका वळतात तशीच. घरात तेलुगू, बाहेर मराठी. 2019 ला तिनं टिकटॉक घेतलं आणि विड्या वळता वळता तेलुगू-मराठी मिसळून बोलायची, सासू-सून, पानाची टोपली, कारखान्यात मापात विड्या कमी धरल्या की कसं भांडायचं ते. शिकलेली सातवी. बघता बघता सव्वा लाख लोक झाले. एका साडीवाल्यानं दोनदा पैसे देऊन साडी नेसवून व्हिडिओ करून घेतला, तिच्या आयुष्यात तिच्या तोंडाला मिळालेले ते पहिले पैसे, हाताला मिळालेले नाहीत. लॉकडाऊन होता, विडीचं काम बंद होतं, आणि एका रात्रीत ते पण गेलं. व्हिडिओ डाउनलोड करून ठेवायचे असतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

रील्स जुलै 2020 मध्येच आलं, मोज आलं, रोपोसो होतंच, ही टिकटॉकसारखीच देशी ॲप. मी तिला तिन्हीकडं अकाउंट काढून दिलं. पण तिथं तिच्यासारख्या बायका दिसेचनात, सगळं गोरं गोरं आणि घरं मोठी मोठी. चारशे लोकांवर अडकली आणि सोडून दिलं. ती आजपण सरकारला नावं ठेवत नाही, जवान गेले म्हणून रडली होती ती. फक्त म्हणते चार दिवस आधी सांगितलं असतं तर लोकांना माझा नंबर तरी दिला असता.

मला बंदी चूक का बरोबर ते ठरवता येत नाही. पण कुणाचं काही बिघडलं नाही असं कुणी म्हणू नये.

माजी_सैनिक_मोहोळ

पोरी, वाचून वाईट वाटलं. हे मी धरलंच नव्हतं डोक्यात.

कोर्टरोड_वकील

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, मी सोलापूरलाच प्रॅक्टिस करतो.

ही बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली होते. देशाची सार्वभौमता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, मित्र देशांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, अशी ठराविक कारणं त्यात आहेत. तुमचा टॅरिफचा राग त्यात बसत नाही ताई. व्यापारात भांडण झालं म्हणून 69अ वापरता येणार नाही, त्यासाठी सुरक्षेचं कारण दाखवावं लागेल. पण कारण दाखवायचं कुणाला, खरी अडचण तिथं आहे. 2009 च्या नियमांत नियम 16 आहे, त्याप्रमाणं सगळी कारवाई गुप्त. 2020 ला प्रेसनोट आली, ॲपची नावं आली, पण प्रत्येक ॲपनं नक्की काय केलं ते लोकांपुढं आलं नाही. त्या यादीत कॅमस्कॅनरपण होतं, आम्ही वकील लोक त्यावर कागद स्कॅन करायचो, आणि शेअरइट, ज्यावर पोरं पिक्चर पाठवायची. त्यातला कुठला धोका मोठा आणि कुठला छोटा, काहीच कळलं नाही. आधी ती बंदी तातडीची म्हणून होती, जानेवारी 2021 मध्ये कायमची केली.

सुप्रीम कोर्टानं 2015 च्या श्रेया सिंघल निकालात ऑनलाइन लिखाणावर शिक्षा देणारं कलम 66अ रद्द केलं पण 69अ ठेवलं, आणि ठेवताना म्हटलं की कारणं लेखी नोंदवली जातात, त्यामुळं रिट याचिकेत आव्हान देता येतं. आता मला सांगा, आदेशच हातात मिळत नसेल तर पूर्व भागातल्या त्या विडीवाल्या बाईनं कशाला आव्हान द्यायचं? माझा बंदीला सरसकट विरोध नाही. आधी नोटीस, मग सुनावणी, मग कारणासकट आदेश, निदान जेवढं उघड करता येतं तेवढं तरी करा. खरंच तातडी असेल तर आधी बंद करा, पण मग महिन्याभरात कारण सांगा. एवढी मागणी काही जास्त नाही.

पब्जी_ते_बीजीएमआय

वकील साहेबांचं बरोबर हाय. मी गेमवाला, मला लई अनुभव हाय बंदीचा. 2 सप्टेंबर 2020 ला 118 ॲप गेली त्यात पब्जी गेलं. मग 2021 ला बीजीएमआय म्हणून आलं, 2022 च्या जुलैला तेपण गेलं, 2023 च्या मे महिन्यात परत आलं. आमची टीम होती चार पोरांची, टूर्नामेंट खेळालालो होतो, दोन पोरं कंटाळून सोडून गेली त्यात. आता मला सांगा तोच गेम धोक्याचा होता तर परत कसा आला आन धोक्याचा नव्हता तर गेला कशाला?

आन दुसरं, नेपाळमध्ये काय झालं बघितलं की सगळ्यांनी. 4 सप्टेंबर 2025 ला 26 ॲप बंद केली एकदम, नोंदणी केली नाही म्हणून. 8 तारखेला पोरं रस्त्यावर, पहिल्याच दिवशी 19 जण मेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानाचा राजीनामा. राग जुना होता तिथला, भ्रष्टाचाराचा, मान्य हाय, पण ठिणगी ह्याचीच पडली.

कोर्टरोड_वकील

मित्रा, परत कसा आला त्याचं उत्तर आहे. सर्व्हर कुठं, डेटा कसा ठेवणार, त्या गोष्टी कंपनीनं पूर्ण केल्या म्हणून तीन महिन्यांच्या ट्रायलवर सोडलं होतं. म्हणजे अटी घालून काम होतं, हेच त्यातून दिसतं. तशा अटी पहिल्याच दिवशी घातल्या असत्या तर तुमची टीम मोडली नसती.

सोलापूरकर_हिंजवडीत

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव सोलापूर, दर महिन्याला इंद्रायणीनं ये-जा चालू असते. दोन्ही बाजू वाचल्या, थोडं तांत्रिक बोलतो.

पहिलं म्हणजे धोका खरा आहे, काकांचं म्हणणं खोटं नाही. 2022 च्या डिसेंबरमध्ये टिकटॉकच्या मालक कंपनीनं स्वतः कबूल केलं की त्यांच्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतल्या पत्रकारांचा डेटा उघडून बघितला, कंपनीतली बातमी बाहेर कोण फोडतंय ते शोधायला. हे आरोप नाहीत, कबुली आहे. आणि डेटापेक्षा मला जास्त भीती कशाची वाटते तर समोर काय दाखवायचं ते कोण ठरवतं ह्याची. निवडणुकीच्या किंवा दंगलीच्या आठवड्यात 20 कोटी लोकांना एक गोष्ट थोडी जास्त दाखवली आणि एक थोडी कमी दाखवली तर बाहेरून कुणाला कळणार आहे.

पण मग हे चीनपुरतंच आहे का? केंब्रिज ॲनालिटिका आठवा, राजकीय प्रचारासाठी डेटा वापरणारी कंपनी, 2018. फेसबुकवरच्या जगभरातल्या 8 कोटी 70 लाख लोकांचा डेटा, त्यात आपले साडेपाच लाखांच्या वर. फेसबुक अमेरिकन कंपनीच. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यासाठी काम केलेल्या स्नोडेननं 2013 ला जे बाहेर काढलं तेपण अमेरिकन कंपन्यांकडून त्यांचं सरकार काय काय घेतं तेच होतं. काका, तुम्ही लिहिलं नाहीत पण तुम्हाला माहिती असेल, जुलै 2020 मध्ये लष्करानं जवानांना 89 ॲप काढायला सांगितली त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामपण होतं. लष्कराला देश कुठला ते महत्त्वाचं वाटलं नाही, डेटा जातो एवढंच बघितलं. मला ती पद्धत पटते. जवान, सरकारी फोन, वीज केंद्र, रेल्वे, तिथं कडक बंदी ठेवा, कुणीच कुरकुर करणार नाही.

आणि दीर साहेबांच्या मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र खरी आहे ती सांगतो. बंद करायचं बटण तिकडच्यांच्यापण हातात असतं. 2025 च्या जुलैत गुजरातमधल्या नायरा एनर्जीच्या रिफायनरीची ईमेल वगैरे मायक्रोसॉफ्टनं थांबवली, कारण त्या कंपनीत रशियन हिस्सा आहे आणि युरोपनं निर्बंध लावले होते. भारतातली रिफायनरी, भारतातले कामगार, भारताचा कायदा कुठंच मोडलेला नाही. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली तेव्हा सेवा परत सुरू झाली. म्हणून आपली स्वतःची ॲप पाहिजेत, ह्यात वादच नाही. पण ती चांगली करून लोकांना ओढायचं, दुसऱ्याचं बंद करून ढकलायचं नाही. ट्विटरसारखं कू आठवतंय? आपलंच होतं, मंत्री लोक तिथं होते, 2024 ला बंद पडलं.

मधला रस्तापण असतो. कपड्यांचं शीन ॲप 2020 च्या यादीत होतं, 2025 च्या फेब्रुवारीत रिलायन्समार्फत परत आलं, डेटा भारतातच राहणार ह्या अटीवर. अमेरिकेनं टिकटॉकला तेच सांगितलं, विका नाहीतर बंद करा, 2024 ला कायदा केला, संसदेत चर्चा झाली, कंपनी कोर्टात गेली, 17 जानेवारी 2025 ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं कायदा कायम ठेवला. निकाल कुणाला पटो न पटो, लोकांना नऊ महिने तरी माहिती होतं की काय येतंय. आपल्याकडं डेटा संरक्षणाचा कायदा 2023 ला झाला, नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आले. तो सगळ्यांना सारखा लावा, चिनी, अमेरिकन आणि आपल्या देशी ॲपलापण, कारण देशी ॲपनं माझी माहिती विकली तर मला कमी लागतं असं नाही.

माजी_सैनिक_मोहोळ

हिंजवडीवाल्या पोरानं 89 ॲपची गोष्ट काढली ती खरी आहे, आमच्या पुतण्यानं युनिटमध्ये सगळ्यांबरोबर फेसबुक काढलं होतं. तरी माझं एक म्हणणं राहतं. सीमेवर रक्त सांडलेलं असताना नोटीस द्या, सुनावणी घ्या, महिनाभर थांबा, हे होत नसतं. शत्रूला महिना दिला तर तो महिन्यात काय काय घेऊन जाईल. युद्धाची वेळ आणि टॅरिफची वेळ ह्यात फरक करा. अमेरिकेनं कर लावला म्हणून ॲप बंद करायला मी पण सांगणार नाही. गलवानसारखं पुन्हा झालं तर मात्र त्याच दिवशी बंद करा. आणि हो, त्या विडीवाल्या पोरीसारख्यांना त्यांचे व्हिडिओ आणि लोकांची यादी काढून घ्यायला आठ दिवसांची खिडकी नंतर उघडून द्या, एवढं सरकारला जमायला पाहिजे, त्यात शत्रूचा काही फायदा नाही.

पूर्वभाग_70फूट

काका हे तुम्ही लिहिलं ते मी जावेला वाचून दाखवलं. ती म्हणाली आता कशाला, पण बरं वाटलं तिला, चेहऱ्यावर दिसलं.

शेंगाचटणी_सोलापूर

सगळ्यांचे खूप आभार, तीन वेळा वाचलं सगळं, सासूबाईंनापण वाचून दाखवलं. फौजी काकांचं युद्धाची वेळ आणि टॅरिफची वेळ हे दिरांना तसंच्या तसं पाठवलं, त्यांचा अजून रिप्लाय नाही. माझं मत आता असं झालंय की युद्धाच्या वेळेला बंदी लागली तर मी तक्रार करणार नाही, पण कारण न सांगता आणि आमचं सामान उचलायला वेळ न देता लागली तर करणार, आणि वकील साहेब, तेव्हा तुमच्याकडंच येणार.

विडीवाल्या ताईंचं वाचून काल रात्री रील टाकली नाही. वही घेऊन बसले, इन्स्टावरच्या गिऱ्हाइकांचे नाव, गाव, फोन नंबर उतरवायला लागले. एकशे चाळीस झाले, अजून दोनशेच्या वर आहेत. आणि पूर्वभागवाल्या, जाऊबाईंना विचारा, चटणी कुटतानाच्या व्हिडिओत बोलायला कुणीतरी पाहिजे मला, मला कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही. पैसे देईन, आणि व्हिडिओची एक कॉपी त्यांच्या फोनमध्येच राहील.