टँकरचं बिल कसं वाटायचं? मीटिंगमध्ये रॉल्स काढला आणि तोंडावर पडलो

वनबीएचकेवाला:
मंडळी, एप्रिलपासून आमच्या सोसायटीत रोज टँकर येतोय आणि बिल कसं वाटायचं यावरून दोन मीटिंगा झाल्या, दोन्हीत नुसता राडा. एक गट म्हणतो फ्लॅटमागे सारखं, दुसरा म्हणतो स्क्वेअर फुटावर, तिसरा म्हणतो घरात डोकी किती त्यावर. मी एमएला पॉलिटिकल फिलॉसॉफी केलंय, उत्साहाच्या भरात जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाचा तो 'अज्ञानाचा पडदा' काढला. म्हणजे आपला फ्लॅट लहान की मोठा, घरात दोघं की सातजण, काहीच माहीत नाही असं धरून नियम ठरवा, जो निघेल तो न्याय्य. चेअरमन म्हणाले, "अहो पण मला माहितीये ना माझा फ्लॅट कुठला ते!" सगळे हसले, विषय संपला. तर रॉल्स अशा ठिकाणी खरंच कामाचा आहे, की 1971 च्या पुस्तकातच बरा?
(आधीच सांगतो, आम्ही वन बीएचकेत पाचजण, त्यामुळे स्क्वेअर फूट मला सोयीचं आहे.)

माजी_सेक्रेटरी:
आधी आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली, उघडा. सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, पण पाण्याचे पैसे फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि साइज बघून. हसू नका, डोकी मोजायला गेलात की मुलगी बाळंतपणाला आलीये ती धरायची का इथून सुरू होतं. नळ भिंतीत असतात, कुठं जात नाहीत.

आडवा_प्रश्न:
चेअरमन बरोबर बोलले. रॉल्सला विरोध करणारा तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक, त्याचा 1974 पासून हाच सूर आहे, वाटप शेवटी कसं दिसतं ते नका बघू, तिथवर कसं पोचलं ते बघा. त्याचं उदाहरण, दहा लाख लोक चेंबरलेनचा बास्केटबॉल बघायला राजीखुशीने 25 सेंट जास्त देतात, त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात, यात कोणाचं काय लुबाडलं? मीटर बसवा, जेवढं वापराल तेवढं भरा, मिटलं.

पुरंदरकर:
@आडवा_प्रश्न चेंबरलेन खेळला तरी, पाऊस कोणी कमावला? आमच्या पुरंदरात 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी. डोई अर्ध्या एकराला पुरेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क, जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, आणि ऊस लावायचा नाही म्हणजे नाही. गंमत म्हणजे इथे पडदाबिडदा कोणी ओढला नव्हता, कोणाचं वावर केवढं हे अख्ख्या गावाला पाठ. तरी झालं. सगळ्यात खालच्याचं काय होणार हे आधी बघायचं, रॉल्सचाही रोख तोच ना? तुमच्या मीटरने ज्याच्याकडे पैसा तो रोज गाडी धुणार आणि पाचजणांचं घर बादल्या मोजणार.

आडवा_प्रश्न:
मग ठराविक लिटरपर्यंत माणशी स्वस्त, त्यापुढे चढा दर. एवढं मान्य. पण ऊसबंदी मला पटत नाही, ज्याचं त्याला ठरवू द्या.

बासरी:
अमर्त्य सेनच्या न्यायावरच्या 2009 च्या पुस्तकातली तीन पोरं आठवली. बासरी एकच. एकीला वाजवता येते, एकाकडे दुसरं खेळणंच नाही, एकीने ती स्वतः बनवलीये. तिघांचंही म्हणणं खरं. त्यामुळे परफेक्ट नियम शोधत बसू नका, आत्ताच्यापेक्षा कमी अन्यायाचा कुठला एवढंच ठरवा, तोवर टँकर काय थांबतोय.

वनबीएचकेवाला:
सगळ्यांचे आभार. काल घरी नळ मोजले, चार निघाले. चेअरमनकडे गॅलरीतला धरून अकरा आहेत. शनिवारच्या मीटिंगला उपविधी घेऊनच जातोय, रॉल्सचं नाव काढणार नाही.

माजी_सेक्रेटरी:
जाण्याआधी बघा, मशीनचा नळ मोजलात का?

वनबीएचकेवाला:
बरं, पाच.