खाद्यमहोत्सवात पहिल्यांदाच स्टॉल लावतोय, फूड लायसन्सचं नक्की काय करायचं?

गुहागरी | 13 नोव्हेंबर 2024

नमस्कार मंडळी. आमच्या वाडीतल्या बायकांचा बचत गट आहे. आजवर कोकम, फणसपोळी, कुळीथ पीठ असं सुकं सामान विकत आलो. डिसेंबरअखेरीस तालुक्याच्या ठिकाणी तीन दिवसांचा खाद्यमहोत्सव भरतोय आणि त्यात आम्हाला एक स्टॉल मिळालाय. बेत असा: कोंबडी-वडे, घावणे नि काळ्या वाटाण्याची उसळ, उकडीचे मोदक आणि सोलकढी. वडे आणि घावणे तिथेच गरम गरम काढणार, बाकीचं घरी करून नेणार.

आयोजकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अटींची यादी टाकलीय. पहिलीच अट, फूड लायसन्स असल्याशिवाय स्टॉलचा ताबा मिळणार नाही. एका एजंटला विचारलं तर तो अडीच हजार मागतोय, वर म्हणतो की पोलिसांची आणि नगरपंचायतीची परवानगीही तुम्हालाच काढावी लागेल, त्याचे वेगळे. गटाच्या खात्यात पैसे मोजकेच आहेत आणि वड्यांची कढई अजून घ्यायचीय. तीन दिवसांसाठी खरंच एवढं सगळं लागतं का? अर्ज गटाच्या नावाने करायचा की एकीच्या? किती दिवस लागतात? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

पोळपाट | 13 नोव्हेंबर 2024

एजंटला एक पैसाही देऊ नका. नोंदणीची सरकारी फी सध्या (2024) वर्षाला फक्त 100 रुपये आहे आणि ती ऑनलाइन भरायची असते. नुसतं गुगल करून वर येईल त्या साइटवर जाऊ नका. दिसायला सरकारी वाटणाऱ्या कितीतरी खाजगी साइट्स आहेत, त्या दीड-दोन हजार उकळतात. एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्यांच्या स्वतःच्या 'फॉसकॉस' पोर्टलवरच अर्ज करा. मी पुण्यात पुरणपोळीचा स्टॉल लावते, माझी नोंदणी मोबाइलवरूनच झाली.

तिरफळ | 13 नोव्हेंबर 2024

ताई, आधी अभिनंदन. मी कुडाळची. आमचा गट बरीच वर्षं जत्रांना, प्रदर्शनांना, शाळांच्या आनंद मेळाव्यांना खाण्याचा स्टॉल लावतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळे फूड लायसन्स म्हणतात, पण तुम्हाला हवी आहे ती नोंदणी. सध्याच्या (2024) नियमाने वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल तर नोंदणी, त्यापुढे परवाना. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आणि नोंदणीचे नियम 2011 चे. लहान अन्न व्यावसायिक कोण, हे त्या नियमांत सांगितलंय. त्यात फेरीवाला येतो, तात्पुरता स्टॉल लावणारा येतो आणि धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही येतो. त्यामुळे तीन दिवसांचा स्टॉल असला तरी नोंदणी लागतेच. मात्र मोठ्या हॉटेलला लागते तशी कागदांची थप्पी लागत नाही. फोटो, ओळखपत्र, आणि ओळखपत्रावरचा पत्ता वेगळा असेल तर जागेचा एखादा पुरावा, एवढ्यावर भागतं.

अर्जाला 'फॉर्म ए' म्हणतात. व्यवसायाच्या प्रकारांत जत्रा आणि धार्मिक मेळाव्यांतले खाद्यस्टॉल असा प्रकार नियमांतल्या फॉर्ममध्ये दिलेलाच आहे. पाणी कुठलं, सार्वजनिक की खाजगी, हे विचारतात. व्यवसाय हंगामी असेल तर वर्षातला कुठला काळ, तेही विचारतात. पदार्थांच्या रकान्यात चारही पदार्थ लिहा, कोंबडी विसरू नका. आमच्या शेजारच्या स्टॉलवाल्यांनी फक्त 'नाश्ता' लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात सुरमई तळत होते. तपासणीला आलेल्या बाईंनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला.

आम्ही नोंदणी अध्यक्षांच्या नावाने घेतली आणि व्यवसायाचं नाव म्हणून गटाचं नाव घातलं. सध्या (2024) नोंदणी एक ते पाच वर्षांपर्यंत घेता येते. दर हिवाळ्यात स्टॉल लावायचा विचार असेल तर पाच वर्षांचे 500 एकदम भरा आणि मोकळ्या व्हा.

वेळेचं म्हणाल तर नियमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून 7 दिवसांत त्यांनी नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस द्यायची. तपासणी निघाली तर 30 दिवसांत निकाल लागायला हवा. तुमच्या हातात जेमतेम दीड महिना आहे, म्हणून आज-उद्याच अर्ज टाका. डिसेंबरात ख्रिसमस, न्यू इयर नि प्रदर्शनं यांची एकच झुंबड असते.

पोलीस, मैदान, मांडव, लाउडस्पीकर आणि अग्निशमन यांच्या परवानग्या महोत्सव भरवणाऱ्यांनी काढायच्या असतात. त्या तुमच्या गळ्यात घालणारा एजंट तुम्हाला सरळ सरळ फसवतोय. आयोजकांना मात्र तीन गोष्टी लेखी विचारा: पिण्याचं पाणी कुठून येणार, स्टॉलला वीज किती मिळणार आणि खरकटं कुठे टाकायचं. उत्तर गोलमोल आलं तर पाण्याचे कॅन घरून न्यायची तयारी ठेवा.

आता सोलकढीबद्दल, कारण मला खरी काळजी तिची आहे. नारळाचं दूध सकाळी सहाला काढलं, टेम्पोत तास-दीड तास हेलकावे खाल्ले आणि दुपारी दोनला उन्हात कपात ओतलं, तर ते नासलेलं असायची शक्यता मोठी. आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) आंबटपणामुळे वास लगेच कळतही नाही. तपासणीच्या यादीत थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली आणि गरम पदार्थ 65 अंशांच्या वर ठेवा असं सांगितलेलं असतं. मांसाहारी पदार्थाला तर 70. मधल्या कोमट पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. म्हणून आम्ही तयार कढी नेत नाही. खवलेलं खोबरं डब्यांत घट्ट भरून बर्फाच्या पेटीत, आगळ वेगळं बाटलीत, आणि आलं-लसूण-मिरचीचं वाटणसुद्धा पेटीतच. मिक्सर स्टॉलवर. एक डबा काढायचा, दूध पिळायचं, तेवढीच कढी करायची. ती संपल्यावर दुसरा डबा. गिऱ्हाईक समोर पिळताना बघतं, त्यामुळे खपही वाढतो.

बर्फ बाहेरून घेणार असाल तर रंग बघा. 2018 पासून महाराष्ट्रात न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. आपल्याकडे मासळीला लागणाऱ्या बर्फाची रेलचेल, तोच कुणीतरी स्वस्तात आणून देतो. निळा असो वा पांढरा, विकतचा बर्फ पेटीत डब्यांच्या बाहेरच राहू द्या, कपात पडता कामा नये.

मंडळवाले | 14 नोव्हेंबर 2024

तिरफळताईंनी लिहिलंय त्यात एक भर. आम्ही गणपतीत महाप्रसाद करतो, पैसे घेत नाही, तरी नोंदणी काढतो. फुकट वाटप असलं तरी ते अन्नवाटपच. स्वयंपाक कॅटररकडून करून घेत असाल तर त्याच्या परवान्याची प्रत आणि मुदत तपासून फाइलला लावा. शिवाय आम्ही प्रसादाचा धान्य-तेलाचा माल कुठून घेतला त्याची बिलं जपून ठेवतो. तुम्हीही कोंबडीचं बिल घ्याच.

गुहागरी | 15 नोव्हेंबर 2024

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री माझ्या भाचीने फॉर्म भरला, पाच वर्षांचे पैसेही भरले. एजंटला नाही म्हणून कळवलं. आयोजकांनी कबूल केलं की मैदानाच्या आणि पोलिसांच्या परवानग्या त्यांच्याच आहेत, पाण्याचा टँकरही तेच देणार.

आणखी थोडं विचारते. पत्ता आम्ही माझ्या घराचा दिलाय, कारण कोंबडी, उसळ आणि मोदक माझ्या मागच्या पडवीत होणार. ते बरोबर ना? पाणी विहिरीचं आहे, ते चालेल का? आणि गॅस घरचाच न्यावा म्हणतोय. शेवटचं म्हणजे, कोणीतरी सांगितलं की तपासणीवाले हातातल्या बांगड्या काढायला लावतात. आमच्या दोघीतिघी त्यावरूनच यायला तयार नाहीत. त्यांना काय सांगू?

तिरफळ | 15 नोव्हेंबर 2024

पत्ता बरोबर दिलात. जिथे अन्न शिजतं ती जागा त्यांना माहीत असायला हवी, आणि तपासणी निघाली तर तुमच्या पडवीतच येतील. भिंतीला ओल असेल तर चुना मारून घ्या, कोंबड्या-मांजरं आत येणार नाहीत असं दार किंवा जाळी लावा, कचऱ्याची बादली झाकणाची ठेवा. स्टॉलच्या जागेसाठी वेगळं काही हवं का, ते तुमच्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात फोन करून विचारून घ्या. तिथे सहायक आयुक्त (अन्न) आणि अन्न सुरक्षा अधिकारी असतात. सरळ विचारलं की सरळ सांगतात, असा माझा तरी अनुभव आहे.

विहिरीचं पाणी चालतं, पण ते पिण्यायोग्य असल्याचा कागद हवा. ग्रामपंचायतीला सांगून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या आणि नमुना तपासायला पाठवा. अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून या आठवड्यातच द्या.

गॅस घरचा नेऊ नका. 14.2 किलोचा लाल सिलिंडर घरगुती वापरासाठीच असतो, धंद्याला वापरणं नियमाबाहेर आहे आणि पथक आलं तर उचलून नेतात. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर भाड्याच्या शेगडीसकट मिळतो, तो बघा. सिलिंडर उभा, मांडवाच्या कापडापासून लांब, कढईच्या बाजूला नको. वड्यांच्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण. हे स्टॉलवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीला माहीत हवं.

बांगड्यांचं मी जरा तपशिलात सांगते, कारण आमच्याकडेही यावरून रुसवे-फुगवे झालेत. नियम असा की अन्न हाताळणाऱ्याच्या हातात अंगठ्या, बांगड्या, घड्याळ असं काही नसावं. त्यामागे कारण आहे. वडे थापताना किंवा उकड मळताना पीठ बांगड्यांच्या मध्ये शिरतं, वाळतं, आणि नंतर खपल्या पुन्हा परातीत पडतात. काचेची बांगडी पिचली तर तुकडा सापडतही नाही. आम्ही कामं वाटून घेतली. ज्यांना बांगड्या काढायच्या नाहीत त्या पैसे घेतात, पत्रावळी मांडतात, गिऱ्हाइकांशी बोलतात. पिठात हात घालणाऱ्या दोघी घरून निघतानाच हात मोकळे करून येतात, नखं कापून, केसांवर टोपी बांधून. पैसे घेणारा हात अन्नाला लागत नाही, हाही यात आपोआप फायदा होतो. ज्या नाराज आहेत त्यांना काढाच म्हणू नका, गल्ल्यावर बसा म्हणा. त्या येतील.

प्रत्येकीची प्राथमिक आरोग्य केंद्रातून तपासणी करून दाखला घ्या. ज्या दिवशी जिला जुलाब, उलटी, ताप किंवा हाताला चिघळलेली जखम असेल, ती त्या दिवशी घरी. यात भीड नको.

वर्तमानपत्रात काही बांधून देऊ नका, छपाईच्या शाईमुळे त्यावर बंदी आहे. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटल्या-चमचेही चालत नाहीत. आपल्याकडे केळीची पानं आहेत, त्यावर मोदक शोभतो पण छान. तळणीच्या तेलात आदल्या दिवशीचं मिसळू नका. तेल काळं झालं, फेस येऊ लागला की ते टाकून द्यायचं.

गुहागरी | 25 नोव्हेंबर 2024

नोंदणी झाली! तपासणी निघाली नाही. प्रमाणपत्र डाउनलोड करून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं. पाण्याचा नमुना दिलाय. बांगड्यांवरून अडलेल्या दोघी गल्ल्यावर बसायला कबूल झाल्या, तिसरी म्हणते मी मिक्सरवर बसते, हात मोकळे करून. प्रमाणपत्र स्टॉलवर लावायचं का? आणि कोंबडी किती न्यावी, याचा काही अंदाज येत नाहीये.

तिरफळ | 25 नोव्हेंबर 2024

फार आनंद झाला. हो, प्रमाणपत्राची रंगीत प्रत गिऱ्हाइकाला दिसेल अशी लावा. नंबर 14 आकडी आहे ना, 2 ने सुरू होणारा? 2 म्हणजे नोंदणी, परवान्याचा 1 ने सुरू होतो. पुढचे 15 महाराष्ट्राचे. तोच नंबर बॅनरवरही छापून घ्या. शाकाहारी आणि मांसाहारीची पाटी वेगळी, डाव-पळ्याही वेगळ्या.

कोंबडी पहिल्या दिवशी कमीच न्या. दोन वेळची एकदम करू नका. सकाळचं पातेलं उकळतं असतानाच झाकण बांधून निघायचं, स्टॉलवर मंद आचेवर ठेवायचं, आणि दुपारी घरून दुसरं पातेलं मागवायचं. त्यासाठी गटातली एक जण आणि एक रिक्षा घरी राखून ठेवा. रात्री जे उरेल ते तिथेच आपण सगळ्यांनी जेवून संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. घावण्याचं पीठ मात्र जास्तच भिजवा, सकाळी नाश्त्याला त्याचीच रांग लागते.