सोनं घेऊन ये-जा करणाऱ्यानं कमरेला पिस्तूल ठेवावं का? (निपाणी–बेळगाव)

निपाणीचा_सराफ

नमस्कार. आमचं निपाणीत सराफी दुकान आहे, आजोबांपासूनचं. कारागीर बेळगावात, त्यामुळं सोनं द्यायला नि तयार माल आणायला मीच जातो, कधी मोटरसायकलवर, कधी गाडीनं. गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका व्यापाऱ्याला तवंदी घाटाच्या अलीकडं दोघांनी गाठलं. मागून येऊन हँडलला लाथ मारली, डोळ्यांत चटणी टाकली, खांद्यावर कोयता बसला आणि बॅग गेली. जीव वाचला, पण त्यांचा उजवा हात अजून वर होत नाही.

तेव्हापासून घरात हाच विषय. वडील म्हणतात, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात अर्ज टाक, .३२ चं पिस्तूल घे, शर्टाच्या आत राहू दे, कुणाला दिसायचं नाही नि वेळेला उपयोगी पडेल. आई नको म्हणते. बायको काहीच बोलत नाही, पण मी परत येईपर्यंत जेवत नाही.

लायसनची कागदपत्रं कोणती ते मला ठाऊक आहे. मला एवढंच विचारायचंय, असा हल्ला झाला तर लपवलेल्या पिस्तुलानं माणूस खरंच वाचतो का? ज्यांनी हत्यार हाताळलंय त्यांनी सांगावं.

वडगावकर_डॅलस

भाऊ, मी मूळचा वडगावचा, आता टेक्सासात स्थायिक. २०२१ पासून इथं बहुतेक सज्ञान माणसांना लायसनशिवायही पिस्तूल बाळगता येतं, त्यामुळं हा वाद आमच्याकडं रोजचा आहे.

उपयोग होतोच नाही असं म्हणणार नाही. २९ डिसेंबर २०१९ ला व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चमध्ये एकानं शॉटगन काढली. जॅक विल्सन या माणसानं सहा सेकंदांत त्याला एका गोळीत पाडलं. पण विल्सन स्वतः नेमबाजी शिकवणारा होता. त्या सहा सेकंदांत जे दोघं गेले, त्यातला एकजण आपलं पिस्तूल बाहेर काढतच होता. २०२२ मध्ये इंडियानातल्या एका मॉलमध्ये २२ वर्षांच्या पोरानं पंधरा सेकंदांत हल्लेखोराला थांबवलं, तोवर तिघं मेले होते. आणि २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या अर्वाडा इथं जॉनी हर्ली या तरुणानं पोलिसाला मारणाऱ्या माणसाला गोळी घातली, तर नंतर धावत आलेल्या पोलिसानं हर्लीलाच हल्लेखोर समजून ठार केलं. हे शेवटचं मला फार लागलं होतं.

इथल्या केंद्रीय तपास संस्थेनं, एफबीआयनं, २००० ते २०१३ मधल्या अशा १६० गोळीबारांचा अभ्यास केला. पोलीस नसलेल्या सशस्त्र माणसांनी उलट गोळीबार केल्यावर थांबलेल्या घटना ५. त्या पाचांतही परवानाधारक साधा नागरिक एकच, बाकीच्या चार ठिकाणी सुरक्षारक्षक. नि:शस्त्र लोकांनी झडप घालून धरलं अशा घटना २१. ही आकडेवारी गर्दीतल्या गोळीबाराची आहे, रस्त्यावरच्या लुटीची नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

सुभेदार_हिंडलगा

बाळ, मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं रिटायर झालोय. तुझा प्रश्न दोनदा वाचला, म्हणून सविस्तर लिहितो.

डॅलसच्या भावांनी सांगितलेल्या सगळ्या घटनांत एक गोष्ट सारखी आहे. हल्लेखोराची नजर दुसऱ्यावर होती, म्हणून तिसऱ्याला हत्यार काढायला फुरसत मिळाली. तुझ्या बाबतीत पहिला वार तुझ्यावरच येणार. कधी, कुठं, हे तो ठरवणार.

मोटरसायकलवर तुझा उजवा हात अॅक्सिलरेटरवर. हँडलला लाथ बसली की तू आधी गाडी सावरणार, ते शरीर आपोआप करतं. पडलास की कोपर नि गुडघा. डोळ्यांत चटणी. त्यात शर्ट वर ओढायचा, मूठ धरायची, सेफ्टी काढायची, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खाचेत) गोळी नसेल तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं खेचायची, त्याला दोन हात लागतात. मग समोर नेमका कोण आहे ते बघायचं. कारमध्ये तर उजव्या कमरेवरचं पिस्तूल दार नि सीटबेल्टच्या मधे दाबून बसतं. खोटं वाटलं तर कमरेला मोबाईल खोचून, बेल्ट लावून, तो एका हातानं झटकन काढून बघ.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या टुलर नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं १९८३ मध्ये लिहून ठेवलंय की चाकूवाला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. शिकलेल्या पोलिसाला पट्ट्यातलं हत्यार काढून गोळी झाडायलाही तेवढाच वेळ लागतो. कोयतेवाला तुझ्यापासून २१ फुटांवर नसतो, तो तुझ्या गाडीला घासून असतो.

राहिला सराव. परवान्यावर काडतुसं मोजून मिळतात, त्यात हात बसत नाही. आम्ही रेंजवर वर्षानुवर्षं घालवली, तरी गोळीबार सुरू झाल्यावर नव्या पोरांची बोटं थरथरताना मी बघितलीत. ती पोरं भित्री नव्हती.

आणखी एक. बॅग घ्यायला आलेल्यांना तुझ्याकडं पिस्तूल आहे हे आधी कळलं, तर ते तयारीनंच येतील. बॅग तर नेतीलच, वर पिस्तूलही. आपल्या गावांत अशी गोष्ट किती दिवस गुपित राहते?

माझं मत विचारशील तर मोटरसायकल बंद कर. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ मोड. सोबत माणूस घे. हत्तरगी टोलनाक्याच्या आसपास चहाला थांबायची सवय असेल तर तीही सोड. वडिलांना माझा नमस्कार सांग, त्यांची काळजी रास्त आहे.

खानापूरची_वकील

सुभेदार काकांशी सहमत. कायद्याचं थोडं सांगते, कारण लोक इथंच फसतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत. जबरी चोरी चालू असताना जीव घेण्यापर्यंतचा बचाव कायद्याला मान्य होऊ शकतो. पण तो हक्क दुखापत, अडवणूक किंवा तत्काळ जिवाची भीती असेपर्यंतच टिकतो. बॅग घेऊन चोर वळला, गाडीवर बसला, तुम्ही मागून गोळी झाडली, तर ती भीती संपली होती असं सरकारी वकील म्हणणार. डोळे चोळून, पिस्तूल काढून होईपर्यंत बहुतेक वेळा हाच क्षण आलेला असतो.

शिवाय तुम्ही सीमेवर राहता. परवान्यावर तो कुठपर्यंत चालतो ते क्षेत्र लिहिलेलं असतं. ते कर्नाटकापुरतं असलं आणि तुम्ही सवयीनं दूधगंगेचा पूल ओलांडून कागलला गेलात, तर तेच पिस्तूल तुमच्यावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरतं. निवडणूक लागली की बहुतेकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं, ते वेगळंच.

निपाणीचा_सराफ

काका, ताई, भाऊ, सगळ्यांचे आभार. सीटबेल्ट लावून मोबाईल काढून बघितला. वडील शेजारीच बसले होते, त्यांनाही करायला लावलं. दोघांचाही मोबाईल अडकला. ते गप्प झाले, पण त्यांचं मन अजून पूर्ण वळलेलं नाही, हेही खरं सांगतो. मी मात्र अर्ज करणार नाही. या आठवड्यापासून मेहुणा सोबत येतोय, गाडी त्याची.

आता एक विचारतो. सराफांच्या मालाचा विमा असतो, ब्लॉक पॉलिसी म्हणतात, ती इथं कुणी घेतलीय का? वाटेतला माल त्यात धरतात म्हणे. पण माल नेणारा मालक स्वतः असेल तर चालतं का, की पगारी नोकरच लागतो? आणि एका खेपेला किती रकमेपर्यंतचा माल धरतात?