रविवारी टेबलाभोवती जे घडतं, त्याला कला म्हणायचं का?

जुळे_सोलापूर_रविवार

गेली तीन वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण जुळे सोलापुरात एकाच्या घरी जमून रोलप्लेइंग गेम खेळतो. मोबाईलवरचा नव्हे. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणं, एवढंच सामान. परवा एका नातेवाइकांनी विचारलं, "इतका वेळ घालवून शेवटी हाती काय लागतं?" उत्तर देताना माझ्या तोंडून 'कला' हा शब्द गेला आणि ते हसले. ते हसणं डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण सूत्रधार. तो जागा, माणसं, संकट उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगतात. जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे पडतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तिथून हे पसरलं. त्याआधी लुटुपुटीच्या लढायांचे खेळ होतेच, पण त्यात एक सोंगटी म्हणजे बहुधा अख्खी तुकडी. या दोघांच्या खेळात एक सोंगटी म्हणजे एक माणूस. आणि माणूस म्हटला की त्याला आई असते, देणं असतं, भीती असते.

आम्ही सध्या व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) मधली पद्धत वापरतो. दोन साधे फासे टाकायचे. बेरीज १० किंवा जास्त आली तर जमलं. ६ किंवा कमी आली तर सूत्रधार संकट आणतो. ७ ते ९ आली तर जमलं, पण किंमत मोजून. ३६ शक्यतांपैकी १५ या मधल्या खणात पडतात, निर्भेळ यशाच्या फक्त ६. पात्राच्या गुणांचे एक-दोन आकडे मिळवले की हे बदलतं, पण कल तोच राहतो: हवं ते मिळतं आणि मिळताना काहीतरी सुटतं. नाटककार जे प्रवेशांतून साधतो, ते इथे नियमाच्या पोटात आहे. म्हणून मी याला कला म्हणतो. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट सांगावं.

निवृत्त_मास्तर

तुमची कळकळ पोचली. पण आमच्या लहानपणी आजी सोंगट्यांचा पटसुद्धा तिन्हीसांजेला मांडू देत नसे. फाशांपायी काय झालं ते महाभारतात सगळ्यांनी वाचलंय. तरुण मुलांनी आठवड्याचा एकुलता एक मोकळा दिवस फाशांवर घालवावा, हे मनाला पटत नाही.

जुळे_सोलापूर_रविवार

मास्तर, द्यूतात काहीतरी पणाला लागतं. इथे पणाला लावायला काही नाही, कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही. फासा एवढ्यासाठीच, की गोष्ट कुणा एकाच्या मर्जीने चालू नये. माझ्यासुद्धा.

तिसरी_घंटा

तीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढली, त्या अधिकाराने बोलतो. हुतात्मा स्मृती मंदिरात पडदा वर गेला की पहिल्या पाच मिनिटांत कळतं. प्रेक्षागृहात खोकला वाढला, की समजायचं प्रवेश पडला. तो खोकला आमचा गुरू. तुमच्या टेबलावर खोकणारं कोण आहे? पाच जण एकमेकांसाठी बोलतात, एकमेकांना वाहवा देतात. प्रेक्षक नाही तिथे कसोटी नाही, आणि कसोटी नाही तिथे मी कला म्हणणार नाही.

उत्स्फूर्ततेचं म्हणाल तर कोकणातले दशावतारी कलावंतही रंगमंचावर संवाद स्वतः रचतात. पण ते आख्यान वर्षानुवर्षं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. तुमचा सूत्रधार शनिवारी रात्री वहीत चार ओळी लिहितो.

जुळे_सोलापूर_रविवार

सर, आमच्या गल्लीत गुरुवारी भजनी मंडळ बसतं. बारा माणसं, बाराही टाळ घेऊन. समोर ऐकायला कुणीच नसतं. तरी एखाद्याचा टाळ मागे पडला तर बाकीच्या अकरा जणांना कळतं. गाणाराच ऐकणारा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. तिला कसोटी नाही असं तुम्ही म्हणाल का?

तिसरी_घंटा

भजनाचा दाखला चांगला दिलात, पण तो तुमच्यावरच उलटतो. त्या बारा जणांच्या हाती तुकोबांचा अभंग असतो. साडेतीनशे वर्षं पिढ्यान् पिढ्यांनी घासून लख्ख केलेला शब्द. मंडळ कच्चं असलं तरी अभंग त्यांना उचलून धरतो. तुम्हाला कोण उचलतं?

जुळे_सोलापूर_रविवार

नियम. वर ७ ते ९ चं सांगितलं ते त्यासाठीच. पन्नास वर्षं लोक हे नियम खेळून, मोडून, पुन्हा लिहून घासतायत. वय अभंगाएवढं नाही, मान्य. पण आमच्यातला सर्वांत लाजरा मुलगा, जो बँकेत टोकन घेताना अडखळतो, तो त्या नियमाच्या आधाराने दहा मिनिटं सावकार होऊन बोलला आणि आम्ही सगळे गप्प ऐकत होतो.

पूर्वभागची

मी यांच्याच टेबलावर खेळते, तरी मला दादांचं म्हणणं पटत नाही. कला म्हणायची घाई कशाला? एकदा कला म्हटलं की परीक्षक येतात, बक्षीस येतं, शुद्ध भाषेचा आग्रह येतो. आमच्या घरी पॉवरलूम आहे, बोलणं तेलुगूत. शाळेत मराठीच्या वक्तृत्व स्पर्धेत माझ्या उच्चारावर हसले होते, त्यानंतर मी स्टेजवर चढले नाही. या टेबलावर मी विणकराच्या म्हाताऱ्या आईचं पात्र घेतलं आणि ती चिडली की तेलुगूत बोलायची. कुणी थांबवलं नाही. दुसऱ्याचं पात्र कन्नड मिसळून उत्तर द्यायचं, सोलापूरच्या बाजारात देतात तसंच. हे माझं सुख आहे, आणि ते सिद्ध करायची मला गरज वाटत नाही.

अजून एक. यातली बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आणि महाग. आमच्या भागातल्या मुलांपर्यंत ती पोचत नाहीत. कलेची चर्चा नंतर करू, आधी दहा पानांचे मराठी नियम काढा.

जुळे_सोलापूर_रविवार

पुस्तकांचं खरं आहे. पण २०२३ च्या जानेवारीत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झालाय. श्रेय दिलं की त्याचं मराठी कुणीही करू शकतं. आमची सुरुवात झाली आहे, 'सेव्हिंग थ्रो'ला, म्हणजे अंगावर आलेल्या संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाला, शब्द सापडत नाहीये. मी सध्या 'निभाव' लिहितो.

तिसरी_घंटा

'निभाव' छान आहे.

पण आता खरं टोचलंय ते बोलतो. तुम्ही मे १९३० मधल्या सोलापूरच्या स्वातंत्र्यलढ्यावर खेळ केल्याचं कानावर आलं. चार पुतळ्यांपाशी आम्ही लहानपणापासून हात जोडत आलो. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्यांच्यावर फासे टाकणार? माझ्या लेखी हे अक्षम्य आहे.

जुळे_सोलापूर_रविवार

नाही सर. त्या चौघांना कुणी पात्र म्हणून घ्यायचं नाही, त्यांच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, त्यांच्या नशिबावर फासा पडणार नाही. हे पहिल्याच दिवशी लिहून टेबलावर ठेवलं होतं. ८ मेचा गोळीबार आणि १२ मेचा मार्शल लॉ, यांच्यामधले जे दिवस शहर इंग्रजांच्या हाती नव्हतं आणि काँग्रेसचे स्वयंसेवक चौकात वाहतूक सांभाळत होते, ते दिवस आणि मार्शल लॉची सुरुवात, एवढंच घेतलं. पात्रं साधी: गिरणीतला फिटर, एक स्वयंसेवक, एक विद्यार्थी आणि हिची म्हातारी.

पूर्वभागची

सर, त्या दिवशीचं मी सांगते, कारण फासे माझ्या हातात होते. मार्शल लॉ लागला होता. म्हातारीला धाकट्या मुलाला रस्त्यावरून घरी आणायचं होतं. ८ पडले. म्हणजे मुलगा घरी येणार, पण किंमत मोजून. दादांनी विचारलं, दाराबाहेर एक स्वयंसेवक पोरगा उभा आहे, त्याला कुठे जायला जागा नाही, काय करतेस? तो पोरगा म्हणजे आमच्यातल्याच एकाचं पात्र, तो समोरच बसला होता. मी म्हटलं, म्हातारी कडी लावते. तेलुगूत म्हटलं. नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

दरवर्षी शाळेत त्या चौघांवर भाषणं ऐकली. पण ज्यांनी कडी लावली, ती माणसंही याच शहरातली, हे मला त्या रविवारी पहिल्यांदा जाणवलं. दोन रात्री झोप लागली नाही.

निवृत्त_मास्तर

पोरी, हे वाचून थांबलो. फाशांबद्दलचं माझं मत बदललं नाही. पण कडीचं विसरता येणार नाही.

तिसरी_घंटा

माझा अक्षम्य हा शब्द मागे घेतो. बाकीचं नाही. आता तर जास्तच ठामपणे म्हणतो: असा प्रवेश पाच जणांत मरून जातो, हीच तुमच्या प्रकाराची खोट. राम जोशी आपल्याच सोलापूरचे. त्यांच्या लावण्या दोनशे वर्षांनी आपण वाचतो, कारण त्या कुणीतरी उतरवून ठेवल्या. तुम्ही ध्वनिमुद्रण केलंय का? मला ऐकायचंय. पटलं तर त्याची एकांकिका बांधू.

पूर्वभागची

नको सर. एकांकिकेत ती कडी रोज रात्री ठरल्या वेळी लागेल. मी लावली तेव्हा मला माहीत नव्हतं की मी लावणार आहे.

तिसरी_घंटा

नटालाही ते रोज नव्यानेच कळावं लागतं, बाळा. आमची सगळी मेहनत त्यासाठीच असते.

जुळे_सोलापूर_रविवार

ध्वनिमुद्रण आहे, फोनमध्ये, तीन तासांचं. काल रात्री बाकीच्या चौघांना विचारलं. दोघं हो म्हणाले, दोघं नाही. सगळ्यांची हो येईपर्यंत ते बाहेर जाणार नाही. पण सर, पुढच्या रविवारी सूत्रधाराची जागा रिकामी आहे. माझी परीक्षा आहे.